गडूतला देव

मंगल सिस्टर मला म्हणाल्या होत्या, नव्यानं डायलिसिसला लागलेल्या लोकांशी येऊन दोन शब्द बोला, त्यांना धीर येईल. मी एकदा गेलो. समोर खुर्चीत बसलेल्या माणसाचे सुजलेले पाय पाहिले आणि मला बोलताच येईना. म्हणून हे लिहून देतोय. वाचायला वेळ कुठून काढायचा हा प्रश्न तुम्हाला नाही, मशीनवर चार तास पडूनच राहायचं असतं.

आधीच सांगून टाकतो. मी देवाच्या कृपेनं बरा झालो, असं यात कुठंही सापडणार नाही. मी बायकोच्या किडनीवर बरा झालो. देवाचं आणि माझं प्रकरण वेगळं आहे, ते अजून मिटलेलं नाही. तेही सांगणार आहे, कारण त्या दोन वर्षांत सुईपेक्षा जास्त मला एका प्रश्नानं टोचलं. हे मलाच का? आणि त्या प्रश्नाचं उत्तर घेऊन जे लोक घरी यायचे, त्यांनी तर सालटीच काढली.

छातीत पाणी

माझं नाव मल्हारी. राहायला चितेगावात, शहराबाहेर पैठण रोडवर. धंदा म्हणाल तर पाण्याचा टँकर चालवायचो. पाऊस लागोपाठ रुसला होता ती वर्षं. एकीकडं विहिरी कोरड्या आणि दुसरीकडं शहर असं फुगत चाललेलं की काल जिथं बाभळी होत्या तिथं आज चार मजले. त्या मजल्यांना पाणी आम्ही द्यायचो. दहा हजार लिटर पाठीमागं घेऊन मी दिवसाला पाच-सहा फेऱ्या मारायचो.

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. त्यांनी जन्मभर मेंढरं राखली. पैठण रोडच्या अंगाला ज्या गायरानात त्यांचा कळप बसायचा, तिथं आता कॉलनी झालीय आणि तिच्या फाटकावर झऱ्याचं चित्र आहे. एकदा आबा माझ्याशेजारी केबिनमध्ये बसून तिथं आले. टाकीत पाणी सोडताना म्हणाले, "हितं आपली लंगडी मेंढी व्याली व्हती." वॉचमननं त्यांना गाडीतून उतरू दिलं नाही.

पाय सुजायला लागले तेव्हा वाटलं, बसून बसून आलंय. जेवण नको व्हायला लागलं, उन्हाळा आहे म्हटलं. मग एका सकाळी घराच्या दारातच टँकरचा पाइप ओढताना मला श्वासच पुरेना. सविता, म्हणजे माझी बायको, शिवणयंत्र तसंच सोडून उठली आणि आबांना घेऊन मला रिक्षात घालून उस्मानपुऱ्यातल्या एका दवाखान्यात आली. तिथून दुसऱ्या, मोठ्या दवाखान्यात पाठवलं. दुपारपर्यंत रिपोर्ट आले.

डॉक्टर तरुण होते. नजर चुकवत नव्हते, हे मला त्यातल्या त्यात बरं वाटलं. म्हणाले, "दोन्ही किडन्या गेल्यात. छातीत पाणी झालंय, म्हणून तुम्हाला गुदमरायला होतंय. आजच डायलिसिस करावं लागेल."

सवितानं विचारलं, "कशामुळं झालं?"

"सांगता येत नाही. बऱ्याचदा कारण सापडत नाही."

आबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी एकच विचारलं, "पानी आत कसं गेलं?" डॉक्टरांनी समजावलं, की लघवीवाटं जायचं ते पाणी जात नाही, अंगात साठतं, फुप्फुसात उतरतं. आबांनी ऐकून घेतलं आणि तडक निघून गेले. मला वाटलं बिडी ओढायला गेले असतील. ते चितेगावाला गेले होते.

दिवसाला तीन ग्लास

आठ दिवसांनी घरी आलो तर देवळीत देव नव्हता. आमचं दैवत बिरोबा. त्याचा टाक आहे आमच्याकडं, दोन बोटं रुंदीचा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेला देव. मिशा आहेत, हातात तलवार आहे, आणि नाक म्हणून ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा. तो टाक आबांनी एका मोठ्या तोंडाच्या पितळी गडूत पाण्यात उभा करून ठेवला होता. गडू माझ्या खाटेच्या समोरच्या फळीवर.

येणाराजाणारा प्रत्येक जण हळहळायचा. "बघ, तुझ्यासाठी म्हाताऱ्यानं देव पाण्यात ठेवलाय." इच्छा पुरी होईपर्यंत देवाला पाण्यातून काढायचं नाही, ही रीत आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. मीही ती लहानपणापासून बघत आलोय. मला वाटलं, आबा देवाच्या हातापाया पडतायत.

आता माझी तऱ्हा ऐका. डॉक्टरांनी दिवसाला सहाशे मिली पाणी ठरवून दिलं होतं. त्यात चहा आला, वरणाचं पाणी आलं, गोळ्यांबरोबरचे घोट आले. सवितानं औरंगपुऱ्यात जाऊन भांड्याच्या दुकानातून बरोबर दोनशे मिलीचा स्टीलचा ग्लास आणला. दिवसाला ते तीन ग्लास. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन. नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं तेव्हा शेजारपाजारच्या बायकांची भांडणं मी खाटेवरून ऐकायचो आणि माझी जीभ टाळूला चिकटलेली असायची. आणि समोर फळीवर देव लिटरभर पाण्यात उभा. उन्हानं पाणी आटलं की आबा रोज सकाळी त्यात भर घालायचे. न चुकता. मला ते बघवायचं नाही.

मीठही बंद होतं. सवितानं घरातल्या सगळ्यांचंच मीठ तोडलं. म्हणाली, दोन स्वयंपाक करायला मला वेळ नाही. आबा सत्तरी ओलांडलेले, मिरचीच्या ठेच्यावर जगलेले, त्यांनी अळणी ठेचा मुकाट्यानं खाल्ला. मिठाची चिनीमातीची बरणी वरच्या कप्प्यात गेली आणि तिला कुणी हात लावेना. कुणी विचारलं की आजारपणात काय मिळालं, तर मी हे सांगतो.

उत्तरं घेऊन येणारे

भेटायला येणारे सफरचंदं आणायचे, जी मला चालत नव्हती, आणि कारण आणायचे. डॉक्टरांना जे सापडलं नव्हतं ते ह्यांना खिशात सापडायचं.

माझा चुलतभाऊ म्हणाला, गेल्या जन्मीचं काहीतरी असणार. सविताची मावशी म्हणाली, देव आपल्या आवडत्या माणसाचीच परीक्षा बघतो. शाळेतले एक जुने सर आले आणि म्हणाले, दुःखानं माणूस शुद्ध होतो, सोन्यासारखा. मी त्यांना म्हटलं, सर, मग तुम्ही माझ्याऐवजी मशीनवर बसा, तुम्ही बरेच अशुद्ध आहात. सविता माझ्याकडं डोळे वटारून बघत राहिली.

मी टँकरच्या फेऱ्यांच्या वहीत शेवटच्या पानावर या सगळ्यांची नावं लिहिली. समोर प्रत्येकाचं उत्तर. का लिहितोय ते मला पक्कं माहीत होतं. एकेकाची वेळ येईल तेव्हा त्याचं उत्तर त्यालाच परत द्यायचं.

पडल्या पडल्या मी त्या उत्तरांवर विचार करायचो. देव प्रेम करतो म्हणतात. प्रेम म्हणजे काय हे मी आबांच्या कळपात पाहिलंय. लंगडणारं कोकरू ते खांद्यावर घ्यायचे. पायात काटा गेला तर तोंडानं ओढून काढायचे. कोकरू आपल्याला ओळखतं की नाही हे बघायला त्यांनी कधी त्याचा पाय मोडला नाही. परीक्षा बघायची म्हणून कळप दोन दिवस पाण्यावाचून ठेवला नाही. एका अडाणी मेंढपाळाला जे कळतं ते जग चालवणाऱ्याला कळू नये? आणि कळत असून तो गप्प बसत असेल तर त्याला काय म्हणायचं? मला जो शब्द सुचला तो इथं लिहिण्यासारखा नाही.

चुलतभावाची वेळ लवकर आली. गाडीवरून पडून त्याचा गुडघा फुटला. मला चालायला त्रास होत होता तरी मी रिक्षा करून त्याला भेटायला गेलो आणि विचारलं, "गेल्या जन्मी लाथ कुणाला मारली होतीस?" त्याचं तोंड उतरलं. परत येताना रिक्षात मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

शेजारची खाट

माझे दिवस मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळची पाळी. आत गेल्यावर आधी वजन करायचं. मंगल सिस्टर वजन लिहून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तुमचं कोरडं वजन चौपन्न. आज सत्तावन्न. तीन लिटर पिऊन आलात." कोरडं वजन म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावर उरतो तो माणूस. मी चोरून प्यायलेला प्रत्येक घोट त्या काट्यावर दिसायचा.

हातातली शीर आणि धमनी जोडून तिथून रक्त काढतात. त्या जागेवर बोट ठेवलं की घुरघुर लागते. ती थांबली तर पंचाईत, म्हणून रोज तपासायची. आबा रोज सकाळी माझ्या मनगटाला कान लावून बसायचे आणि म्हणायचे, "चालू हाय."

शेजारच्या खाटेवर करीमचाचा असायचे. बसच्या वर्कशॉपातून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. पहिल्या दिवशी मी घाबरून सुईकडं बघत होतो तर म्हणाले, "उधर नक्को देखो मियाँ. इंजन खोले तो डायवर बाजू हो जाता ना? बस वैसाच."

बर्फ चघळायला त्यांनी शिकवलं. पाण्याचा घोट क्षणात जातो, बर्फाचा खडा मात्र पाच मिनिटं पुरतो. त्यांच्या मुलीनं, शबानानं, छोट्या साच्यात बर्फ करून थर्मासात घालून द्यायला सुरुवात केली. त्यातले दोन खडे माझे. तुम्ही नवे असाल तर हे लक्षात ठेवा, खडा चावायचा नाही, जिभेखाली धरायचा.

एकदा मी त्यांना विचारलं, "चाचा, तुम्ही विचारलं नाही का वरच्याला, मलाच का म्हणून?"

"हौ, पूछा ना."

"मग?"

"कुछ नै बोले. तो मैं बी नै बोल्या. आठ दिन. नमाज पढ्या बराबर, लेकिन अपनी तरफ से एक बात नै कऱ्या."

"मग आठ दिवसांनी?"

"फिर क्या, शबाना के कागजाँ का काम निकल्या. बोलना पड्या."

शबानाची किडनी त्यांना जुळली होती. सगळे कागद झाले, परवानगी देणारी कमिटी झाली, ऑपरेशनची तारीखही ठरली. चाचा वॉर्डात सगळ्यांना सांगत होते की आपरेशन झाल्यावर सगळ्यात आधी कटोराभर शोरबा पिणार, आणि कुणी मोजायला आलं तर त्याला मारणार. मी म्हटलं, मला बोलवा, मी मोजायला येतो.

तारखेला नऊ दिवस उरले होते. एका शनिवारी मी आत गेलो तर शेजारच्या खाटेवर कोरी चादर होती. मंगल सिस्टर माझ्याकडं न बघता बीपीचा पट्टा गुंडाळत होत्या.

"घरीच गेले. काल," त्या म्हणाल्या. "हार्ट."

"नऊ दिवस राहिले होते, सिस्टर."

"माहितीय."

"मग हे काय झालं? याला काय म्हणायचं?"

"मला नका विचारू," त्या म्हणाल्या. "हात सरळ ठेवा."

चार तास मी त्या चादरीकडं बघत पडलो. चाचांची परीक्षा झाली होती का? ते शुद्ध झाले होते का? वहीतलं एकही उत्तर त्या खाटेवर टेकेना. मला रडू आलं नाही. संताप आला, इतका की बीपीचं मशीन दोनदा ओरडलं.

मिठाची बरणी

दुपारी घरी आलो. सविता ब्लाउज द्यायला गेली होती. आबा बाहेर लिंबाखाली बसले होते. घरात मी आणि तो.

मी गडूसमोर उभा राहिलो. पाण्यात उभा, गार, निवांत, तलवार उगारलेली. लिटरभर पाणी त्याच्या एकट्याच्या दिमतीला, आणि चाचा बर्फाचे खडे मोजून गेले. मी हात घातला आणि त्याला उचलून बाहेर काढला. फडक्यानं पुसला. अगदी कोरडा केला. मग वरच्या कप्प्यातून मिठाची बरणी काढली आणि त्याला मिठात पुरला, नाकातोंडापर्यंत, वर झाकण. मोठ्यानं म्हणालो, "आता कळू दे तुला तहान."

मग त्याचं पाणी प्यायलो. गडू तोंडाला लावून, गटागटा, गळ्यावरून छातीवर सांडत. वर्षभरात मी पाणी असं प्यायलो नव्हतो. देवाच्या तोंडचं काढून घेतलेलं पाणी काय गोड लागतं म्हणून सांगू. रिकामा गडू मी माठात बुडवून भरला आणि जागेवर ठेवला, म्हणजे आबांना पाणी दिसेल. नजर अधू झाल्यामुळं ते आत वाकून बघत नव्हते, वरून भर घालायचे.

तिथंच थांबलो असतो तर निभावलं असतं. पण सूड एका गडूत भागत नाही. शनिवारी संध्याकाळी प्यायलो, रविवारी दिवसभर प्यायलो. चोरून, माठावर तोंड धरून. सविताला वाटलं मी चाचांमुळं गप्प आहे. जुन्या पेशंटांना ठाऊक असतं, शनिवार ते मंगळवार ही सगळ्यात लांब आणि धोक्याची ओढ. मी ती ओढ सुडाच्या भरात पाण्यानं भरून टाकली.

सोमवारी सकाळी आडवं होता येईना. बसून श्वास घेतला तरी छातीत नुसतं खदखद वाजत होतं. ओठ निळे पडले. सवितानं एका नजरेत ओळखलं. रिक्षात पैठण रोडवर प्रत्येक खड्ड्याला मला वाटलं, संपलं. ती माझी पाठ धरून बसली होती आणि सारखी एकच गोष्ट विचारत होती, "किती पिलात? खरं सांगा, किती पिलात?" मला बोलायला श्वास नव्हता. तेव्हा मला मरायचं नव्हतं, हे मात्र अगदी स्वच्छ कळलं. सुडासाठी सुद्धा नाही.

आबांचं बोलणं

मशीननं चार लिटर काढलं. शुद्ध आली तेव्हा सविता बाहेर डॉक्टरांच्या शिव्या खात होती, माझ्या वाट्याच्या. आबा स्टुलावर बसून माझ्या मनगटाला कान लावून होते.

मी म्हणालो, "आबा, देव मिठाच्या बरणीत आहे."

त्यांनी कान काढला नाही. "तरी म्हनलं, काल गडूत हात घातला तर हाताला कायच लागंना. मला वाटलं माझाच हात बधिर झालाय." मग विचारलं, "बरणीत कशापायी?"

"राग आला. मला घोटभर पाणी नाही आणि तुम्ही त्याला रोज न्हाऊमाखू घालता. चाचा गेले. तो मजेत पाण्यात बसलाय."

आबा सरळ बसले आणि माझ्याकडं असं बघायला लागले, जसं मी काहीतरी येड्यासारखं बोललोय.

"मजेत? आरं, म्या त्याचे लाड करायलो असं वाटलं व्हय तुला?" त्यांनी पटक्यानं तोंड पुसलं. "त्या दिवशी डाक्टर म्हनला, पोराच्या छातीत पानी झालंय, गुदमरायला. म्या तडक घरी गेलो. म्हनलं, तू बी बस पान्यात. तू बी गुदमर. माझ्या लेकराला जव्हर सुटका नाय तव्हर तुला बी नाय. रोज पानी का घालायचो? नाक उघडं पडू नये म्हनून."

वर्षभर मी ह्यालाच त्यांची प्रार्थना समजत होतो.

"मागं एका दुष्काळात चाळीस मेंढरं डोळ्यादेखत मेली," आबा म्हणाले. "तव्हा नाय ठेवला त्याला पान्यात. म्हनलं, मेंढरं त्याचीच, त्यानं दिली, त्यानं नेली. गायरान गेलं, तव्हाबी नाय ठेवला. पण तू त्याचा नव्हं. तू माझा हायस."

मग त्यांनी आवाज खाली आणला. "आन् तू काय केलंस? त्याला भाईर काढलास. दोन दिस त्यो मोकळा सुटला, आन् त्याच दोन दिसात तू बुडायलास. बगितलंस?"

त्याच संध्याकाळी त्यांनी चितेगावला जाऊन देवाला बरणीतून काढला. मिठानं तो काळा पडला होता. राखेनं घासून लख्ख केला आणि परत गडूत उभा केला, काठोकाठ पाणी. मी आता त्या गडूकडं बघून जळफळत नव्हतो. समोरच्या खाटेवरच्या पेशंटाकडं बघतो तसं बघायचो. तू पण पाण्यात, मी पण पाण्यात, बघू कोण आधी हात टेकतो.

सविता

आबांनी स्वतःची किडनी देऊ केली होती. डॉक्टरांनी वयामुळं नाही म्हटलं तर ते चार दिवस डॉक्टरांशी बोलले नाहीत. सविताच्या तपासण्या चालल्या होत्या त्या तिनं मला कळूच दिल्या नव्हत्या. जुळतंय असं कळल्यावर मी नको म्हणालो. म्हणालो, तुला काही झालं तर?

ती शिवणयंत्रावर साडीला फॉल लावत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही देवाशी भांडून घ्या, लोकांशी भांडून घ्या. माझ्याशी नका भांडू. मला उद्या सहा ब्लाउज द्यायचेत."

ऑपरेशनच्या भीतीबद्दल लिहीत नाही. भीती वाटते, एवढं खरं. आदल्या दिवशी आम्हा दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं होतं आणि तिनं नर्सच्या हाती मला निरोप पाठवला की वरच्या कप्प्यातली मिठाची बरणी धुवायची राहिलीय, आल्यावर तुम्ही धुवा. तो निरोप ऐकून मला त्या दोन वर्षांत पहिल्यांदा रडू आलं.

डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, "आता दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं. कमी नको." सवितानं तोच दोनशे मिलीचा ग्लास काढला. दिवसाला पंधरा. आता मी दहा ग्लासांनंतर कंटाळतो आणि ती मागं लागते. म्हणते, "माझी किडनी आहे, तिची आबाळ नको."

अजून पाण्यातच

तीन महिन्यांनी रिपोर्ट चांगले आले. आबा सकाळी अंघोळ करून, नवा पटका बांधून, भंडारा आणि नारळ घेऊन गडूसमोर बसले. कोरडं फडकं मांडीवर होतं.

"चल," म्हणाले, "तुझ्यासाठी ठेवला व्हता, तूच काढ."

मी हात पाण्यात घातला. टाक बोटांना लागला. गार होता. मला ती कोरी चादर दिसली. नऊ दिवस. शबाना नंतर एकदा थर्मास घेऊन वॉर्डात आली होती आणि रिकाम्या हातानं परत जाता येईना म्हणून बर्फाचे खडे सगळ्या पेशंटांना वाटून गेली होती.

मी हात बाहेर काढला.

"काय झालं?" आबा म्हणाले.

"राहू द्या त्याला."

"आरं, तुझं काम झालंय. वचन हाय."

"माझं झालं, आबा. चाचांचं कुठं झालं?"

आबा गोंधळले. हातातल्या फडक्याशी चाळा करत म्हणाले, "त्यांचा देव येगळा की."

"असेल. माझ्या हाताला हाच लागलाय."

सविता दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी आबांनी फडक्याची घडी घातली आणि विचारलं, "कव्हर ठिवायचा?"

"कारण सांगेपर्यंत."

"त्यो नाय सांगायचा. लई हट्टी हाय."

"मी पण तुमचाच आहे."

आबा उठले. भंडारा तसाच पुडीत बांधला. म्हणाले, "मंग पानी बदलत जा. साचलं की शेवाळ धरतं." आणि नारळ सविताच्या हातात दिला, चटणीला.

याला आता चार वर्षं झाली. मध्ये पाऊस चांगला झाला, टँकरची कामं कमी झाली, मी टँकर भरायच्या केंद्रावर बसून गाड्या सोडतो. आबा मागल्या हिवाळ्यात गेले, झोपेत, अजिबात न गुदमरता. त्या दिवशी सुद्धा देवाला मी बाहेर काढलं नाही. भाऊबंद ओरडले. सविता त्यांना म्हणाली, "त्यांचं आणि देवाचं चालू द्या, तुम्ही मध्ये पडू नका." मला मात्र एकटं गाठून म्हणाली, "रोज पाणी बदलता, रोज घासता, रोज बोलता. एवढं तर पुजाऱ्यानं केलं नसतं." मी तिला म्हटलं, तुरुंगात सुद्धा कैद्याला रोज पाणी देतात. ती हसली. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

तुम्ही मशीनवर असाल आणि कुणी येऊन सांगितलं की देव आवडत्या माणसाची परीक्षा बघतो, तर त्याला चितेगावला माझ्याकडं पाठवा. वहीत पानं शिल्लक आहेत. बर्फ जिभेखाली धरा. शनिवार ते मंगळवार जपा. मनगटाला कान लावणारं कुणीतरी असू द्या.

मी सकाळी उठतो, मनगटाला बोट लावतो. ती घुरघुर आता गरजेची नाही, पण अजून चालू आहे. माझा पहिला ग्लास भरतो. पिण्याआधी गडूत वाकून बघतो, पाणी त्याच्या नाकाच्या वर आहे ना. कमी असेल तर आधी त्याच्यात ओततो.